एकेचाळिसाव्या पानावरची चौकट

सर माणसाला त्याच्या नावानं हाक मारत नसत, तालुक्याच्या नावानं मारत. मी चोपड्याचा, म्हणून मी 'चोपडा'. आमचा शिपाई 'साक्री', ग्रंथपाल 'पारोळा' आणि प्रिन्सिपॉल 'शिरपूर'. प्रिन्सिपॉलांच्या तोंडावर तेवढं ते 'सर' म्हणत, पण पाठ वळली की शिरपूर. धुळ्याच्या त्या कॉलेजात गणिताचा लेक्चरर म्हणून लागून मला आठवडाच झाला होता, तेव्हा मी भीत भीत विचारलं, "सर, चोपड्याचा आणखी कोणी आला तर काय म्हणाल?"

"आधी येऊ तर दे," सर म्हणाले.

हे त्यांचं नेहमीचं. कुठलीही गोष्ट पुढे मांडली की ती चांगली की वाईट, स्वस्त की महाग हे बाजूला ठेवून ते पहिल्यांदा म्हणत, "आधी आहे का ते पाहा." प्रिन्सिपॉलांनी एकदा स्टाफ मीटिंगमध्ये नव्या प्रयोगशाळेचं तासभर वर्णन केलं. फरशी कशी, खिडक्या कशा, पंखे किती. सर मागच्या बाकावरून म्हणाले, "जागा आहे का ते आधी पाहायला हवं." जागा नव्हती. मीटिंग तिथेच संपली आणि सरांचं नाव पुढच्या कुठल्याच कमिटीत आलं नाही. त्याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं.

दिसायला काडी. पांढरा शर्ट, तोही इस्त्री न केलेला, आणि खिशात एक आखूड पेन्सिल आणि एक खोडरबर. रबराला भोक पाडून ते दोऱ्यानं बटणाला बांधलेलं असे, कारण पोरं रबर पळवतात. रस्त्यानं चालता चालता मध्येच थांबायचे. मागून येणाऱ्या सायकलवाल्याची तारांबळ उडायची आणि तो काय बोलायचं ते बोलून घ्यायचा. सरांना पत्ताच नसे. देवपुरातल्या त्यांच्या घरापासून कॉलेज पंधरा मिनिटांवर, पण सरांना कधी पंधरा मिनिटं लागत, कधी पाऊण तास. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, सरांकडे पाहत मला म्हणायच्या, "भाऊ, या घरमा बसेल ऱ्हातस, पन घरमा नही ऱ्हातस." अक्का अमळनेर रस्त्यावरच्या एका खेड्यातल्या. शाळा चौथीपर्यंत. पण सरांबद्दल इतकं नेमकं वाक्य आमच्या विभागात कोणाला सुचलं नाही.

सरांची दुसरी खोड म्हणजे चौकट. जिथे शंका असेल तिथे ते समासात पेन्सिलीनं एक छोटी चौकट काढत. ती दुसऱ्यानं भरायची. पटलं तर बरोबरची खूण, नाही पटलं तर फुली. विद्यार्थ्यांच्या वह्यांत चौकटी, ग्रंथालयाच्या पुस्तकांत चौकटी (पारोळा त्यावरून भांडायचा), अक्कांच्या किराणा यादीतही चौकटी. तूरडाळ, पुढे चौकट. म्हणजे डाळ खरंच संपली आहे का, हे अक्कांनी डबा उघडून पाहायचं आणि खूण करायची. नियम एकच होता. आपण काढलेली चौकट आपण भरायची नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मला खात्री असती तर चौकट कशाला काढली असती? माझ्या डोळ्यांना जे दिसत नाही ते दुसऱ्याच्या दिसेल, एवढाच त्याचा उपयोग."

एकदा मी त्यांना मुलगी पाहायला पाचोऱ्याला घेऊन गेलो. मला वडील नव्हते, मामा होते, आणि वडीलधारं कुणीतरी सोबत असावं म्हणून सर. पोहे झाले, चहा झाला, मुलीचं शिक्षण, भावंडं, उंची, सगळं विचारून झालं. मामा खूश होते. तेवढ्यात सरांनी कप खाली ठेवला आणि मुलीकडे वळून म्हणाले, "हे सगळं ठीक. पण बाई, तुझ्या मनात लग्न आहे का?" मुलगी खाली पाहत म्हणाली, "मला अजून शिकायचंय." आम्ही निरोप घेतला. परतीच्या एसटीत पारोळा गाव येईपर्यंत मी सरांशी बोललो नाही आणि मामा तर धुळ्यापर्यंत बोलले नाहीत. सर खिडकीतून कपाशी पाहत होते. नंतर माझं लग्न दुसरीकडे झालं, सुखाचं झालं, आणि त्या मुलीनं पुढे शिकून नोकरी धरल्याचं कानावर आलं. सर होते म्हणून दोघंही वाचलो, असं मला आता वाटतं. त्या वेळी फक्त राग आला होता.

सरांचं आयुष्य मात्र एकाच गोष्टीत गुंतलं होतं. धक्क्याची समीकरणं. हा शब्द त्यांचाच. साध्या डिफरन्शियल इक्वेशनमध्ये गोष्ट हळूहळू बदलते, पाण्याची टाकी रिकामी होते किंवा ऊन चढतं तशी. पण काही गोष्टी तशा बदलत नाहीत. त्या शांतपणे चाललेल्या असतात आणि मध्येच एक धक्का बसतो, की त्या क्षणात एकीकडून दुसरीकडे फेकल्या जातात. मग पुन्हा शांत, मग पुन्हा धक्का. असे धक्के बसत असताना उत्तर शून्याच्या या बाजूला आणि त्या बाजूला कायम हेलकावत राहील का, की कधीतरी एका बाजूला स्थिरावेल, हा सरांचा प्रश्न. त्यांना एक प्रमेय सिद्ध करायचं होतं: अमुक अटी पाळणारे धक्के असले, तर प्रत्येक उत्तर कायम हेलकावतच राहतं.

हा प्रश्न त्यांना पुस्तकात सापडला नव्हता, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सापडला होता. आमच्या खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात आणि गाणी म्हणत उंच उंच झोके घेतात. अक्कांच्या गावी असंच चालू असताना सर बाजेवर बसले होते. त्यांनी पाहिलं, की झोका आपल्या लयीत जातो येतो, पण मागची बाई धक्का देते ती लयीत नाही. ती देते झोका एका ठरावीक उंचीला आला की. म्हणजे धक्का कधी बसणार हे घड्याळ ठरवत नाही, झोकाच ठरवतो. झालं. पुढच्या वर्षापासून सर आखाजीला पिशवीत गजराचं घड्याळ घेऊन जायला लागले. पहिल्या वर्षी त्यांनी बायकांना सांगितलं, की गाणं थांबवा, मला आकडे ऐकू येत नाहीत. त्यावर अक्कांच्या धाकट्या बहिणीनं त्यांचं घड्याळ निंबाच्या फांदीला टांगलं. "मास्तर, आते तुम्हीच चढा नि मोजा." सर खरोखरच चढायला निघाले. अक्कांनी धोतर धरून खाली ओढलं. त्या गावात अजूनही ही गोष्ट सांगतात.

या प्रमेयावर सरांनी नऊ वर्षं घालवली. डॉक्टरेट नव्हती, त्यामुळे मागून आलेले पुढे गेले. मूलबाळ नव्हतं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. एरवी स्वतःबद्दल अवाक्षर न काढणारे सर एकदा पांझरा नदीच्या पुलावर थांबून मला म्हणाले, "चोपडा, एक प्रमेय. आपल्यामागं एक वाक्य राहावं, जे खरं आहे आणि आपण नसतो तर कोणी म्हटलं नसतं. जास्त काही नको रे." मी त्या वेळी हसून काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही, आठवण्यासारखं नसणारच.

दिवाळीच्या आधी लेख पुरा झाला. साठ पानं. टायपिस्टनं इंग्रजी मजकूर टाइप केला, चिन्हं सरांनी हातानं भरली. मूळ प्रत युरोपातल्या एका मासिकाला पाठवायची होती. कार्बन कॉपी त्यांनी एका फाइलीत घालून माझ्या हातात दिली. "सुट्टीत पाहून ठेव. तुझं झालं की टाकतो पोस्टात."

अक्का दारापर्यंत आल्या. "भाऊ, नीट देखज्यात हं. यास्ना जीव शे त्यामा."

मी ती फाइल चोपड्याला घेऊन गेलो. पहिली बारा पानं मला कळली. तेरावं पान मी तीनदा वाचलं. सतराव्या पानावर मी हरलो. हे जसं घडलं तसंच सांगतो, कारण आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला वेळ नव्हता असं नाही. केळीची कटाई माझा भाऊ पाहत होता, मला काहीच काम नव्हतं. मला कळत नव्हतं, आणि कळत नाही हे म्हणायची लाज वाटत होती. मी एम.एस्सी.ला पहिला आलेला. मी फाइल ट्रंकेत ठेवली आणि मनाशी म्हणालो, सरांनी नऊ वर्षं घासलंय, त्यात आपल्याला काय चूक सापडणार आहे.

सुट्टी संपल्यावर कॉलेजच्या पायऱ्यांवरच त्यांनी विचारलं, "झालं का पाहून?"

"झालं सर. सगळं बरोबर आहे."

"नक्की?"

"नक्की."

सरांचा चेहरा असा फुलला, की मला त्याच क्षणी खरं सांगावंसं वाटलं. पण तोवर ते साक्री शिपायाला पोस्टाच्या वेळा विचारायला गेले होते. त्या संध्याकाळी अक्कांनी शेवया केल्या. वाढता वाढता त्यांनी विचारलं, "भाऊ, तुम्ही बठ्ठं वाचं ना?" बठ्ठं म्हणजे सगळं. माझ्या तोंडात घास होता म्हणून मी नुसती मान हलवली.

उत्तर यायला चैत्र सरत आला. परीक्षा संपत आल्या होत्या. साक्रीनं पाकीट आणून दिलं. सरांनी ते उभ्यानंच वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि पर्यवेक्षणाला गेले. तीन तास ते वर्गात फेऱ्या मारत होते. पेपर संपल्यावर विभागात येऊन माझ्यासमोर बसले.

"चोपडा, उत्तरच नाही रे."

मला वाटलं, मासिकाकडून उत्तर आलेलं नाही असं म्हणतायत. त्यांनी पत्र पुढे केलं. परीक्षकानं फार सभ्यपणे लिहिलं होतं. लेखकाच्या अटींत धक्के एकमेकांच्या जवळ जवळ येत जाऊ शकतात. त्यानं एक साधं उदाहरणही दिलं होतं. सरांनी ते मला झोक्यावरच समजावलं. पहिला धक्का बसला, दुसरा अर्ध्या मिनिटानं, तिसरा त्याच्याही अर्ध्या वेळानं, चौथा त्याच्या अर्ध्यानं. असे अगणित धक्के एका मिनिटातच संपून जातात. त्या मिनिटाच्या पुढे झोका कुठे आहे याला अर्थच उरत नाही. पुढे उत्तर नाहीच. आणि जे नाही, ते कायम हेलकावत राहतं असं सरांनी साठ पानांत सिद्ध केलं होतं.

"आयुष्यभर लोकांना सांगत आलो, आधी आहे का ते पाहा," सर म्हणाले. "माझ्याच बाबतीत पाहायचं राहिलं."

पत्रात शेवटी आणखी दोन ओळी होत्या. दोन धक्क्यांमध्ये निदान इतकं अंतर असलंच पाहिजे, एवढी एक अट घातली की प्रमेय टिकतं. आणि ती अट घालून ते प्रमेय चार महिन्यांपूर्वीच दुसऱ्या कुणीतरी छापलं आहे. म्हणजे दिवाळीनंतर. म्हणजे आमचा लेख त्या मासिकाच्या टेबलावर पडून असताना.

"तुझ्याकडची प्रत संध्याकाळी घेऊन ये," सर उठता उठता म्हणाले.

मी घरी गेलो. मनात एकच: चौकटी. सतराव्या पानाच्या पुढे सरांनी चौकटी काढल्या असणार आणि मी एकही भरलेली नव्हती. प्रत परत दिली की ते पहिल्या पानापासून चाळतील आणि त्यांना कळेल. मी पेन्सिलीला टोक केलं, दार लावलं आणि खुणा भरायला बसलो. हे सांगताना मला आजही माझी शिसारी येते. एक एक पान उलटत गेलो. अठरावं पान, चौकट नाही. वीस, तीस, नाही. सगळ्या पायऱ्यांची सरांना खात्री होती.

एकेचाळिसाव्या पानावर चौकट होती. साठ पानांत ती एकच. तिच्या शेजारी सरांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'इथून पुढे उत्तर आहे ना? पाहावे.'

परीक्षकानं बोट ठेवलं होतं ते बरोबर त्याच ओळीवर. सरांना शंका आली होती. आपल्या नियमाप्रमाणे त्यांनी ती दुसऱ्याच्या डोळ्यांवर सोपवली होती, आणि ते डोळे माझे होते. मला बाकीची एकोणसाठ पानं कळायची गरजही नव्हती. फक्त पानं उलटली असती, त्या चौकटीपाशी थांबलो असतो आणि 'सर, मला इथे खात्री नाही' असं म्हणालो असतो, तरी त्यांनी दोन दिवसांत ती एका ओळीची अट शोधली असती. खूण करावी तर खोटं, फुली मारावी तर 'माहीत असून बोललो नाही' असा तिचा अर्थ. मी चौकट तशीच ठेवली आणि प्रत घेऊन गेलो.

सरांनी फाइल उघडली ती थेट एकेचाळिसाव्या पानावर. बराच वेळ पाहत राहिले. अक्का आतून भांड्यांचा आवाज करत होत्या. मला वाटलं, आता बोलतील. मी वाट पाहत होतो, खरं तर बोलावं अशी इच्छाच होती. सरांनी खिशातलं रबर दोऱ्यासकट ओढलं, खाली वाकले आणि ती चौकट आणि शेजारची ओळ पुसली. हळूहळू, कागद फाटू न देता. मग रबराचा चुरा फुंकरीनं उडवला आणि फाइल मिटली.

"चहा घेतोस?" म्हणाले.

मी चहा घेतला. माफी मागितली नाही. उद्या मागू म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी परवा.

त्या वर्षीच्या आखाजीला मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. निंबाखाली बायका म्हणाल्या, "मास्तर, घड्याळ कोठे शे?" सर म्हणाले, "बंद पडलं," आणि बाजेवर आडवे झाले. झोके चाललेच होते. सर त्यांच्याकडे पाहत नव्हते. त्यानंतर त्यांनी चौकटी काढणं सोडलं. अक्का किराणा यादी मला दाखवून म्हणायच्या, "देखा, कोरी शे. डाळ दोन येळ उनी." डबा पाहायचं राहिल्यानं डाळ दोनदा घरात आलेली. चालता चालता मध्येच थांबणंही गेलं. पंधरा मिनिटांत कॉलेज, पंधरा मिनिटांत घर. लोक म्हणाले, सर सुधारले. मला ते पाहवत नसे.

ते निवृत्त झाले आणि माझी जळगावला बदली झाली. मी जाणं कमी केलं. काम होतं हे खोटं, तोंड दाखवायची लाज हे खरं. सर गेले ते झोपेतच, कोणाला त्रास न देता. मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं.

तेराव्यानंतर अक्कांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या पुढ्यात ती फाइल होती. "हाई तुम्ही ठेवा भाऊ. माले काय समजस त्यामा."

मी फाइल घेतली. एकेचाळिसावं पान काढून खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. पेन्सिल दाबून धरायची सरांची सवय. शिसं गेलं होतं, पण चौकटीचा वळ कागदावर तसाच होता.

अक्का म्हणाल्या, "त्यास्नी माले सांगं व्हतं. म्हने, चौकट काढानी मीच भुली गऊ, त्या पोऱ्याना काही दोष नही." मग म्हणाल्या, "मी बी तेच म्हनस भाऊ. चौकट ऱ्हाती ते तुम्ही धरी लेतात. तुम्ही ते बठ्ठं वाचं व्हतं ना?"

मला तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला होता, आणि या वेळी तोंडात घास नव्हता. आयुष्यात एकदाच खोटं बोललेला तो माणूस, तेही माझ्यासाठी. मी पुन्हा मान हलवली असती तर ते खोटं तसंच टिकलं असतं आणि अक्कांच्या मनात मी चांगला राहिलो असतो.

"अक्का, चौकट होती," मी म्हणालो. "मी सतराव्या पानाच्या पुढे वाचलंच नव्हतं."

अक्का उठल्या. आत गेल्या. मला वाटलं, आता काही त्या बाहेर यायच्या नाहीत. पण आल्या. हातात सरांची ती आखूड पेन्सिल होती.

"आपली चौकट त्या सवता कधी भरेत नही," त्या म्हणाल्या. "तुम्हनी शे. भरी द्या."

मी फाइल मांडीवर घेतली. वळावरून पेन्सिल फिरवून चारही रेघा पुन्हा काढल्या आणि आत फुली मारली.